श्रीमंतीची वाट न पाहता वाचलेली मुलं

बांगलादेशातल्या आरोग्य पाहणीत घराची सांपत्तिक स्थिती ठरवताना उत्पन्नाचा आकडा धरत नाहीत. जमीन मातीची की सिमेंटची, छप्पर कशाचं, संडास आहे का, सायकल, टीव्ही आहे का, याची नोंद होते आणि त्यावरून कुटुंबांचे पाच गट पाडतात. तळाच्या गटात मुलं जास्त दगावतात, यात नवल नाही. टीव्हीने मूल वाचत नाही. संडास नसेल तर मात्र जुलाबाचे जंतू थेट त्याच्या पोटात जातात.

तरीही 1993-94 मध्ये या देशात हजार जन्मांमागे 133 मुलं पाच वर्षांची होण्याआधी जात होती, ती संख्या 2022 च्या पाहणीत 31 वर आली. 1990 मध्ये बांगलादेशाची स्थिती भारतापेक्षा वाईट होती. पुढे भारतापेक्षा गरीब असतानाच त्याने आपल्याला मागे टाकलं. उत्पन्न वाढलं, मुलींचं शिक्षण वाढलं, 1985 नंतर लसीकरण झपाट्याने पसरलं. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती ‘ब्रॅक’ या संस्थेची मोहीम. 1980 ते 1990 या काळात तिच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी हे जुलाबावर पाजायचं मिश्रण आईकडून करवून घेतलं. आईच्या किती लक्षात राहिलं, यावर त्यांचा मेहनताना ठरे. मीठ आणि गूळ मातीच्या घरातही होतेच. तिथे फक्त ज्ञान पोचायचं होतं.

आता दगावणाऱ्या मुलांपैकी जवळपास दोन तृतीयांश पहिल्याच महिन्यात जातात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. बांगलादेशातल्या सिल्हेटमध्येही अशाच घरभेटींच्या प्रयोगात नवजात मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. मात्र कमी दिवसांचं बाळ किंवा जन्मताच न रडलेलं बाळ गुळाच्या पाण्याने वाचत नाही. त्याला रात्रीबेरात्री दवाखाना लागतो, वाहन लागतं, हातात रोकड लागते. तिथे घरची ऐपत पुन्हा आडवी येते. दवाखान्यातली बाळंतपणं आजही वरच्या गटात कितीतरी जास्त आहेत. हा खर्च सरकारने उचलायला हवा; त्या आईच्या घराला सिमेंटची जमीन होईपर्यंत तिचं बाळ थांबू शकत नाही.