कांद्याचा रंग ताटात हवा, गोळीत नको

पारनेरच्या बाजार समितीत लिलावाला आलेला लाल कांदा नीट पाहा. त्याचा जांभळट रंग अँथोसायनिनचा, तर फिकट पिवळी छटा क्वेर्सेटिनची. क्वेर्सेटिन सर्वांत जास्त असतं ते बाहेरच्या पापुद्र्यांत. म्हणून सोलताना कोरड्या सालीबरोबर वरची रसाळ पाकळी फेकू नका. हे घटक फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करतात आणि हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींना आवर घालतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.

मग त्यांच्या गोळ्याच का घेऊ नयेत? कारण परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे. आतड्यातून रक्तात पोचेपर्यंत या घटकांचं रूप बदलतं, प्रमाणही फार थोडं उरतं. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनचंच बघा. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं आणि रोगप्रतिकारशक्तीला ते लागतंच. तरीही फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट १८ टक्क्यांनी वाढला. हे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ‘म्हणजे रंगीत भाज्याही निरुपयोगी’ असं मात्र कुणी म्हणू नये. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो. पण तिथे तंतू, क्षार, जीवनसत्त्वं सगळीच असतात, श्रेय एकट्या रंगाचं नाही. म्हणून बाजरीच्या भाकरीबरोबर कच्चा कांदा खा, मेथी तेलात परता, कारण कॅरोटीन स्निग्धांशासोबतच नीट शोषलं जातं. महागड्या डब्यांपेक्षा आपल्या शिवारातला भाजीपाला कधीही भरवशाचा.