परदेशी नोकरीचा हिशेब गावातच व्हावा

गोंदिया जिल्हा हा धानाचा जिल्हा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. मुंबई-हावडा लोहमार्गावरील गोंदिया जंक्शनमुळे येथील मजूर व कारागीर यांना दूरदूरच्या शहरांची वाट पूर्वीपासून मोकळी आहे. धानाची कापणी-मळणी आटोपली की कामाच्या शोधात बाहेर पडणे, हे येथील अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पडले आहे. आता ही वाट समुद्रापलीकडेही जाते. १९७३ नंतर खनिज तेलाचे भाव वाढले, आखाती देशांत बांधकामांना वेग आला आणि गवंडी, वेल्डर, वीजतंत्री यांना तेथून मागणी येऊ लागली. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याबाबत करार केला. त्यामुळे शिकलेल्या तरुणांचेही लक्ष परदेशाकडे लागले आहे.

परदेशस्थ भारतीयांनी २०२४-२५ या आर्थिक वर्षात मायदेशी पाठविलेली रक्कम १३५ अब्ज डॉलरांहून अधिक होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार यातील सर्वाधिक, म्हणजे सुमारे साडेवीस टक्के वाटा महाराष्ट्रात आला. राष्ट्राच्या हिशेबात ही जमेची बाजू ठळकपणे दिसते. कुटुंबाच्या हिशेबात मात्र खर्चाची बाजू आधी येते आणि पुष्कळदा ती दोन-चार एकर धानाच्या शेतीवर उभी असते. म्हणूनच परदेशगमनाचा आर्थिक विचार विमानात बसल्यानंतर नव्हे, तर गाव सोडण्यापूर्वीच व्हावयास हवा.

जाण्याचा खर्च आणि कर्ज

१९८३ च्या एमिग्रेशन कायद्यान्वये परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाजवळ केंद्र शासनाचा परवाना असणे बंधनकारक करण्यात आले. त्याखालील नियमांप्रमाणे एजंटाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील वस्तू आणि सेवा कर अशी ठरविण्यात आली. घेतलेल्या रकमेची पावती देणे हेही एजंटाचे कर्तव्य आहे. जो दीड-दोन लाख रुपये रोख मागतो आणि पावतीचे नाव काढताच टाळाटाळ करतो, त्याच्यापासून दूर राहणेच हिताचे.

ही रक्कम उभी कशी करावयाची, हा पुढचा प्रश्न. खेड्यात अडीनडीला शेकडा पाच रुपये दरमहा या दराने पैसे घेतले जातात. ऐकावयास हा दर लहान वाटतो. पण एक लाख रुपयांवर त्याचे वर्षाचे व्याज ६०,००० रुपये होते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकारासाठी जे दर ठरविण्यात आले, त्यांत शेतकऱ्यास तारणी कर्जावर वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतरांस अनुक्रमे १५ व १८ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. यातील सर्वांत चढा दर धरला तरी लाखावरील वर्षाचे व्याज १८,००० रुपयांच्या पुढे जात नाही. दोहोंतील ४२,००० रुपयांचा फरक म्हणजे परदेशातील कामगाराच्या कित्येक आठवड्यांच्या घामाची कमाई होय.

याहूनही घातक प्रकार म्हणजे कर्जाच्या हमीदाखल जमिनीचे खरेदीखत लिहून देणे. कर्ज फेडताच जमीन परत मिळेल, हे तोंडी आश्वासन कागदावर कोठेच नसते. अवैध सावकारीत अशी जमीन गेली असल्यास जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो आणि चौकशीअंती व्यवहार अवैध सावकारीतला ठरल्यास जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. परंतु अर्ज करण्याची वेळ न येऊ देणे हेच शहाणपणाचे.

विमा

सामान्यतः दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारास आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या संरक्षक अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. अशा कामगारांसाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू अथवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण तीत मिळते. विमापत्राची एक प्रत घरी ठेवणे अगत्याचे आहे. कागद परदेशात आणि वारस गावात, अशी स्थिती असेल तर विमा असूनही कुटुंबाची धावपळ होते.

दोन खाती, दोन कामे

नोकरीसाठी परदेशी जाणारी व्यक्ती परकीय चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ अन्वये अनिवासी ठरते. तिचे गावातील साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेस कळवून ते अनिवासी सामान्य, म्हणजे ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातील कमाई ठेवण्यासाठी अनिवासी बाह्य, म्हणजे ‘एनआरई’ खाते वेगळे उघडता येते. १९७० पासून ही सोय उपलब्ध आहे.

या दोहोंतील भेद एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तिरोडा तालुक्यातील एखादा शेतकरी मस्कतला नोकरीस गेला. त्याच्या शेतातील धान आधारभूत खरेदी केंद्रावर विकले गेले, तर ते पैसे भारतातील उत्पन्न असल्यामुळे एनआरओ खात्यात जमा होतील. मस्कतहून पाठविलेला पगार एनआरई खात्यात जाईल. एनआरई खात्यावरील व्याज भारतात करमुक्त असते आणि ती रक्कम पुन्हा परदेशी नेण्यास मर्यादा नसते. एनआरओ खात्यावरील व्याजातून मात्र कर कापला जातो. पगार एनआरओ खात्यातच साठत गेला, तर मिळू शकणारी करसवलत हातची जाते. कायमचे परत आल्यावर बँकेस पुन्हा कळवून ही खाती निवासी करून घ्यावी लागतात.

पैसे बँकेमार्फत किंवा अधिकृत संस्थेमार्फतच पाठवावेत. हवालामार्गे दोन पैसे जास्त मिळाल्यासारखे वाटतात; परंतु तो व्यवहार बेकायदेशीर असून रक्कम बुडाल्यास दाद मागण्यासाठी कागदाचा एक तुकडाही हाती राहत नाही.

शेतीचे काय?

परदेशी गेल्याने जमीन जाते, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. निवासी असताना धारण केलेली शेतजमीन अनिवासी झाल्यावरही कायम ठेवता येते आणि वारसाहक्कानेही जमीन मिळू शकते. मात्र अनिवासी असताना नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. पहिल्या दोन वर्षांच्या कमाईतून शेजारचा बांध आपल्या नावे करण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने हा नियम आधीच जाणून घेतला पाहिजे. आयकर कायद्यानुसार अनिवासी ठरणारी व्यक्ती पीएम-किसान योजनेच्या लाभास पात्र नसते, हेही ध्यानात असावे. अन्यथा घेतलेली रक्कम परत करण्याचा प्रसंग येतो.

मागे राहणाऱ्या आईवडिलांस किंवा पत्नीस व्यवहार करता यावेत म्हणून मुखत्यारपत्र करावे. ते सरसकट सर्वाधिकार देणारे नसावे. बँकेचे व्यवहार, धानाची विक्री, पीककर्जाची परतफेड अशी कामे नेमकी लिहावीत आणि जमीन विकण्याचा अधिकार देणे टाळावे. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवावयाचे झाल्यास तेथील भारतीय दूतावासात ते साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. प्रत्येक खात्यास नामनिर्देशन असावे, हे सांगावयास नकोच.

गावाची जबाबदारी

परदेशी निघालेला तरुण सल्ल्यासाठी प्रथम ज्यांच्याकडे जातो, ते बँकेचे व्यवस्थापक नसून शाळेतील गुरुजी, सरपंच किंवा तलाठी असतात. ग्रामपंचायतीने अशा व्यक्तींची नोंदवही ठेवावी. एजंटाचा परवाना क्रमांक, करारपत्राची प्रत, विमापत्र, पारपत्राचा क्रमांक आणि घरच्या माणसाचा पत्ता एवढा मजकूर तीत असला तरी संकटकाळी तो मोलाचा ठरेल. एजंटाचा परवाना खरा आहे किंवा नाही, हे केंद्र शासनाच्या ‘ई-मायग्रेट’ या संगणकीय प्रणालीवर पाहता येते. शाळेतील शिक्षकांना हे काम अवघड नाही. सालेकसा, देवरी यांसारख्या दुर्गम तालुक्यांत या मदतीची गरज अधिक आहे.

परदेशातील नोकरी किती वर्षे टिकेल, हे तेथील मालकाच्या व बाजाराच्या हाती असते. परत आल्यावर घराचे दार, शेताचा बांध आणि बँकेचे पुस्तक जागच्या जागी असणे मात्र बव्हंशी आपल्या हाती आहे. त्यासाठी लागणारे कागद गाव सोडण्यापूर्वी तयार झाले, तर परदेशी गाळलेल्या घामाचे मोल कुटुंबाच्या पदरात पडेल.