हार्टलपूलच्या गोदीतलं मुंबईचं जहाज

न्यूकॅसलहून सुटलेली गाडी संडरलंडनंतर समुद्राच्या कडेनं धावू लागली. सकाळचे दहा वाजून गेले, तरी उजेड तिन्हीसांजेचा. डिसेंबरातला रविवार, लेक, जावई, सात वर्षांची नात आणि आम्ही दोघं, मफलरींत गुरफटून हार्टलपूलला उतरलो. ‘एचएमएस त्रिंकोमाली’ बघायला. पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची ही सर्वांत जुनी युद्धनौका. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ वयानं मोठी, पण ती सुक्या गोदीत आहे.

नाळेवर पागोटं घातलेल्या माणसाचा रंगीत पुतळा. नातीनं विचारलं, “आजोबा, हा आपल्याकडचा?” म्हटलं, “बाळा, अख्खं जहाजच आपल्याकडचं!”

नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडात ओक लाकडाचा तुटवडा पडला, म्हणून हे काम मुंबईच्या गोदीकडे आलं. आराखडे घेऊन निघालेलं ‘जावा’ जहाज अमेरिकी नौदलानं पकडून जाळलं. आराखडे पुन्हा पाठवावे लागले. 1816 मध्ये काम सुरू झालं आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज पाण्यात उतरलं.

ते बांधणारे जमशेदजी बोमनजी वाडिया. त्यांचे पूर्वज लवजी 1736 मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या घरानं जहाजं बांधली. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात आधी चांदीचा खिळा ठोकला गेला. जमशेदजींची एक आख्यायिका सांगतात. आपल्या एका जहाजाच्या आतल्या लाकडावर त्यांनी गुपचूप कोरून ठेवलं होतं, की हे एका काळ्या माणसानं बांधलंय. खरंखोटं देव जाणे, पण तो स्वाभिमान इथल्या प्रत्येक सांध्यात दिसतो.

खालच्या मजल्यावर वाकूनच चालावं लागतं. तिथले वयस्क मार्गदर्शक तुळईवर थाप मारून म्हणाले, “हे तुमचं मलबारी सागवान. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात. सागाच्या तेलात ते टिकतात.” 1987 मध्ये इथे आणलेल्या या जहाजाची डागडुजी 2001 पर्यंत चालली, तरी निम्म्याहून अधिक लाकूड मूळचंच आहे. आम्ही सगळ्यांनी हातमोजे काढून त्या तुळईला हात लावला.

परतताना गाडी न्यूकॅसलला टाईन नदीवरून गेली आणि मन खट्टू झालं. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ याच नदीकाठी बांधली गेली, 1945 मध्ये याच पाण्यात उतरली. तिच्यावरच्या संग्रहालयात लेकीला बोट धरून मीच नेलं होतं. 2012 मध्ये ते बंद झालं, 2014 मध्ये मुंबईच्या दारूखाना भागात जहाज तोडायला घेतलं. मुंबईच्या सुतारांचं काम इथल्या लोकांनी दोनशे वर्षं जपलं. टाईनकाठच्या कारागिरांचं काम आपल्याला जपता आलं नाही. नातीला ‘विक्रांत’ दाखवायची राहून गेली, ती आता कायमचीच.