चार्ली प्राइड : आवाज आधी, चेहरा नंतर

१९६६ च्या जानेवारीत अमेरिकेतील ‘आरसीए व्हिक्टर’ या बलाढ्य कंपनीने एका नव्या गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. तिच्यावर नाव होते ‘कंट्री चार्ली प्राइड’. नभोवाणी केंद्रांकडे ध्वनिमुद्रिका रवाना झाल्या. मात्र नव्या गायकाच्या प्रसिद्धीसाठी एरवी आवर्जून धाडले जाणारे छायाचित्र या वेळी सोबत नव्हते. ही नजरचूक नव्हती. गायक कृष्णवर्णीय होता आणि कंट्री हे गोऱ्यांचे संगीत, अशी या व्यवसायाची पक्की समजूत होती. श्रोत्यांनी आवाज आधी ऐकावा, चेहरा मागाहून पाहावा, असा हा हिशेब होता. त्याच गायकाने पुढे ‘बिलबोर्ड’च्या कंट्री गाण्यांच्या यादीत २९ वेळा पहिला क्रमांक मिळवला.

कंट्री संगीत ‘गोरे’ कसे ठरले, हे समजून घेतल्याशिवाय प्राइड यांच्या यशाचे मोल कळत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शेतमजूर, खाणकामगार आणि लहान शेतकरी यांच्या घरांत हे संगीत घडले. ब्रिटन-आयर्लंडमधून आलेल्या वसाहतकऱ्यांची लोकगीते आणि फिडल हा त्याचा एक प्रवाह, तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची गाणी हा दुसरा. कंट्रीची खूण मानले जाणारे बँजो हे वाद्य मुळात या गुलामांनीच अमेरिकेत रुजवले. कंट्रीचा थोर गायक हँक विल्यम्स गिटारचे धडे रुफस पेन या कृष्णवर्णीय वादकाकडून शिकला. कार्टर कुटुंबासाठी गाणी गोळा करत ए. पी. कार्टर गावोगाव हिंडले, तेव्हा लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक त्यांच्या सोबत होता. गावांत अशी सरमिसळ चालू असताना १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी मात्र विक्रीच्या सोयीसाठी दोन स्वतंत्र कप्पे केले. कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि गोऱ्यांसाठी ‘हिलबिली’. पुढे ‘हिलबिली’चे नाव ‘कंट्री’ झाले, पण कप्पा तसाच राहिला. बाजाराने आखलेली ही रेघ दोन पिढ्यांत परंपरा म्हणून ओळखली जाऊ लागली.

या रेघेच्या पलीकडे, मिसिसिपी राज्यातील स्लेज या खेड्यात १८ मार्च १९३४ रोजी प्राइड यांचा जन्म झाला. वडील वाट्याने कापसाची शेती करत. घरात अकरा भावंडे. वडिलांना नॅशव्हिलहून दर शनिवारी रात्री प्रसारित होणाऱ्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या संगीत कार्यक्रमाचे वेड होते. घरातला रेडिओ त्या केंद्रावर लागे आणि मुले ते ऐकत मोठी होत. कापूस वेचून मिळालेल्या पैशांतून चौदाव्या वर्षी प्राइड यांनी पहिली गिटार घेतली. तू गोऱ्यांची गाणी का गातोस, असा प्रश्न त्यांना आयुष्यभर विचारला गेला. त्यांच्या दृष्टीने ती लहानपणापासून कानावर पडलेली, घरातलीच गाणी होती.

त्यांचे पहिले स्वप्न मात्र बेसबॉलचे होते. कृष्णवर्णीयांसाठीच्या स्वतंत्र ‘निग्रो लीग’मध्ये ते मेम्फिस रेड सॉक्सकडून गोलंदाजी करत. तेथील आर्थिक ओढाताण इतकी होती, की एकदा त्यांना आणि आणखी एका खेळाडूला दुसऱ्या संघाकडे देऊन त्या बदल्यात संघासाठी बस घेण्यात आली. लष्करातील सक्तीची सेवा संपल्यावर ते १९६० मध्ये मोंटाना राज्यात आले. ईस्ट हेलेना येथे शिसे वितळवण्याच्या कारखान्यात काम करायचे आणि कारखान्याच्या संघातून खेळायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. सामन्यापूर्वी पंधरा मिनिटे गाण्याचे त्यांना वेगळे १० डॉलर मिळत. पुढे न्यूयॉर्क मेट्स या व्यावसायिक संघाने त्यांना परत पाठवले, तेव्हा घरी जाताना त्यांनी नॅशव्हिलची वाट धरली.

तेथे निर्माते जॅक क्लेमेंट यांनी त्यांची गाणी ध्वनिमुद्रित केली. १९६५ मध्ये ‘आरसीए’चे चेट ॲटकिन्स यांनी त्यांना करारबद्ध केले. ॲटकिन्स यांनी वरिष्ठांना आधी केवळ गाणी ऐकवली आणि ती पसंत पडल्यावरच गायकाचा वर्ण सांगितला, असे सांगितले जाते. हा काळ लक्षात घ्यायला हवा. वांशिक भेदभावाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा १९६४ मध्ये नुकताच संमत झाला होता आणि दक्षिणेत त्यावरून वातावरण धगधगत होते.

१९६६ मध्ये डेट्रॉइटच्या ऑलिंपिया स्टेडियममध्ये प्राइड सुमारे दहा हजार श्रोत्यांसमोर उभे राहिले. नाव पुकारताच टाळ्यांचा कडकडाट झाला. ते प्रकाशझोतात येताच तो हळूहळू विरत गेला. कंट्री गायला असा कायमचा रापलेला माणूस आलेला पाहून तुम्हाला थोडे विचित्र वाटत असेल, अशा अर्थाचे एक वाक्य त्यांनी हसत उच्चारले. सभागृह हसले आणि पुन्हा टाळ्या पडल्या. त्यानंतर कित्येक कार्यक्रमांत त्यांनी या विनोदाचा आधार घेतला. श्रोत्यांचा संकोच दूर करण्याची जबाबदारी गायकावरच येऊन पडली होती, ही बाब मात्र त्या हशात लपून राहिली.

जानेवारी १९६७ मध्ये अर्नेस्ट टब यांनी त्यांना ‘ऑप्री’च्या रंगमंचावर श्रोत्यांसमोर आणले. हार्मोनिकावादक डीफर्ड बेली यांना १९४१ मध्ये या कार्यक्रमातून दूर करण्यात आल्यापासून तेथे कृष्णवर्णीय कंट्री कलावंताला एकट्याने स्थान मिळाले नव्हते. १९६९ मध्ये प्राइड यांचे गाणे प्रथमच यादीत अग्रस्थानी पोहोचले. १९७१ मध्ये ‘किस ॲन एंजल गुड मॉर्निन’ पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याच वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनने त्यांना वर्षातील सर्वोत्कृष्ट कलावंत म्हणून गौरवले. सर्वोत्कृष्ट गायकाचा पुरस्कार १९७१ आणि १९७२ असा लागोपाठ दोनदा त्यांच्याकडे गेला.

त्यांची गायकी साधी होती. भरदार, स्थिर, मंद्राकडे झुकणारा आवाज, शब्दांचे स्वच्छ उच्चार आणि भावनेचा आक्रस्ताळेपणा नाही. या संयमामुळेच त्यांचा श्रोतावर्ग अमेरिकेबाहेरही पसरला. १९७६ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रॉटेस्टंट संघर्ष पेटलेला होता. आदल्याच वर्षी मायामी शोबँडच्या वादकांची हत्या झाल्याने परदेशी कलावंत तिकडे फिरकत नव्हते. अशा वेळी प्राइड यांनी बेलफास्टमध्ये कार्यक्रम केला आणि दोन्ही बाजूंचे श्रोते तो ऐकायला आले. ‘क्रिस्टल शँडेलियर्स’ हे त्यांचे गाणे आयर्लंडमध्ये पुढे जणू लोकगीतच झाले.

स्वतःला कोणत्याही चळवळीचे प्रतीक मानणे प्राइड यांनी सातत्याने टाळले. आपण अमेरिकी आहोत आणि गायक आहोत, ही त्यांची भूमिका काहींना समंजस वाटली, काहींना पळवाट. मात्र या मौनाखाली सारे आलबेल नव्हते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या तीव्र मनोविकाराविषयी उघडपणे लिहिले. त्या काळात एखाद्या लोकप्रिय कलावंताने असे लिहिणे सोपे नव्हते.

‘ऑप्री’चे सदस्यत्व त्यांनी १९९३ मध्ये स्वीकारले. २००० मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झालेले ते पहिले कृष्णवर्णीय कलावंत ठरले. बेसबॉलचे जुने प्रेमही निराळ्या वाटेने फळाला आले आणि २०१० मध्ये ते टेक्सास रेंजर्स संघाचे सहमालक झाले.

पण एका माणसाने दार उघडले म्हणजे दार उघडे राहतेच असे नाही. प्राइड यांचे अग्रस्थानी पोहोचलेले शेवटचे गाणे १९८३ चे. त्यानंतर डेरियस रकर या कृष्णवर्णीय गायकाचे गाणे त्या जागी पोहोचायला २००८ साल उजाडले. मधली २५ वर्षे उद्योगाने प्राइड यांचा गौरव केला, पण त्यांच्यासारखे दुसरे आवाज शोधले नाहीत. आमच्याकडे भेदभाव नाही, हे सांगण्यासाठी त्यांचे एकच नाव पुरेसे मानले गेले.

११ नोव्हेंबर २०२० रोजी त्यांना कंट्री म्युझिक असोसिएशनचा जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. त्या सोहळ्यात जिमी ॲलन या तरुण कृष्णवर्णीय गायकासोबत ते ‘किस ॲन एंजल’ गायले. त्यानंतर महिनाभरातच, १२ डिसेंबर रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी डलास येथे कोविडमुळे त्यांचे निधन झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचे ग्रॅमी मिळाले. या विभागात हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. तेव्हाही हे खरेच कंट्री आहे का, हा वाद रंगला. वाट्याच्या शेतात कापूस वेचता वेचता ‘ऑप्री’ची गाणी पाठ करणाऱ्या मुलाने त्या प्रश्नाचे उत्तर कितीतरी आधी देऊन ठेवले होते.