कुलगुरू स्नेहलता देशमुख आणि पदवीपत्रावरील आईचे नाव

बालशल्यविशारद डॉ. स्नेहलता देशमुख (निधन २०२४) या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या. पुढे १९९५ ते २००० या काळात त्या मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांच्या कारकिर्दीत पदवीपत्रावर आईचेही नाव येऊ लागले. बदल एका ओळीचाच, परंतु रूढ नामपद्धतीला छेद देणारा. मराठी नावात मधले पद पित्याचे; आईला तेथे स्थानच नसते. यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर विधवेने एकटीने शिकविलेल्या मुलाच्या नावातही ती अनुल्लेखितच राही. तो जिल्हा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतला. मुंबईचा निर्णय तेथे लागू होणारा नव्हता. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत राज्य शासनाने आईचे नाव अनिवार्य केले, आणि तेही पित्याच्या नावाआधी.