पदराआड गेलेला आवाज

लग्नकार्यात भेटणाऱ्या बायका मला हमखास विचारतात, ‘तुम्ही नेमकं काय करता हो?’ मी सांगते, ‘एका भाषेत ऐकते आणि त्याच वेळी दुसऱ्या भाषेत बोलते.’ त्यावर ठरलेला शेरा येतो, ‘एकाच वेळी ऐकायचं आणि बोलायचं? ते तर आम्ही रोज घरी करतो!’

मी दुभाषी आहे. सभागृहाच्या मागच्या बाजूला काचेची एक छोटी खोली असते, तिला आम्ही बूथ म्हणतो. आत आम्ही दोघी. कानावर हेडफोन, पुढ्यात माइक. वक्ता बोलत असतानाच त्याच्या मागोमाग दोन-तीन सेकंदांत दुसऱ्या भाषेत बोलायचं. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास झाला की जोडीदारीण माइक घेते. त्याहून जास्त वेळ डोकं चालत नाही.

या कामाची जगाला खरी ओळख झाली ती १९४५ मध्ये, न्यूरेंबर्गच्या खटल्यात. नाझी नेत्यांवरचा तो खटला इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी चालला. दुभाष्यांमध्ये बऱ्याच तरुण मुली होत्या. बोलणारा फार भरभर बोलू लागला की पिवळा दिवा लागायचा. लाल दिवा म्हणजे ‘थांबा’. तेव्हा प्रत्येकाच्या हेडफोनला वायर होती. आता वायर गेली. आवाज प्रकाशावर बसून येतो!

खरंच. सभागृहाच्या कोपऱ्यांत उंच स्टँडवर काळसर पाट्या लावतात. त्यांतून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पसरतो. आपल्या टीव्हीच्या रिमोटमधून निघतो, तोच. प्रत्येक भाषेला वेगळा चॅनल. गळ्यात अडकवलेली छोटी पेटी, म्हणजे रिसीव्हर, तो प्रकाश पकडते आणि कानात आवाज सोडते. प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही, त्यामुळे शेजारच्या हॉलमधली सभा आपल्या कानात घुसत नाही आणि आपलं बोलणंही खोलीबाहेर जात नाही. गुप्त बैठकांना म्हणूनच ही पद्धत आवडते. पण उन्हापुढे हिचं चालत नाही आणि वाटेत काही आडवं आलेलं हिला खपत नाही. रिमोटपुढे हात धरून बघा, कळेल.

हे सगळं मला पाठ होतं. तरी एका मावशींनी मला ते नव्यानं शिकवलं.

काही वर्षांपूर्वी पुण्यात गावरान बियाणं जपणाऱ्या बायकांची दोन दिवसांची बैठक होती. मराठी, हिंदी आणि तेलुगू अशा तीन भाषा. मराठीच्या बूथमध्ये आम्ही दोघी. काचेतून तिसऱ्या रांगेतल्या एक मावशी दिसत होत्या. नऊवारी लुगडं, दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट लपेटलेला. सगळ्या हसल्या की त्या हसायच्या, पण जरा उशिरानं, शेजारणीकडे बघून. मला वाटलं, वय झालंय, ऐकू कमी येत असेल.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी ताट घेऊन बसले. विचारलं, ‘मावशी, माझा आवाज येतोय ना नीट?’

त्या आधी ‘व्हय, व्हय’ म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, ‘मधीच येतो, मधीच जातो, पोरी. मला वाटलं माझ्याच डोक्यात शिरंना. न शिकलेलं माणूस मी.’

मी त्यांचा पदर जरा बाजूला केला. पेटी त्याच्या दुहेरी घडीखाली झाकलेली. प्रकाश पोचणार कुठून? सकाळभर मी घसा कोरडा करत होते आणि माझा शब्द त्यांच्या पदराशी येऊन थांबत होता. दोष ना त्यांच्या कानाचा, ना डोक्याचा. पेटी वाटताना ती उघडी ठेवायची हे सांगायचं कुणाला सुचलं नाही. मलासुद्धा नाही.

टेक्निशियन मुलगा म्हणाला, ‘मॅडम, तुम्हीच मराठी चॅनलवर सांगून टाका ना.’ पण ज्यांची पेटी पदराआड, त्यांना ते ऐकू कसं येणार? शेवटी स्टेजवरून तिन्ही भाषांत सांगितलं, ‘पेटी पदराबाहेर ठेवा.’ आणि काय सांगू, निदान पंधरा-वीस पदर सरकले! त्या सगळ्याजणी सकाळपासून गप्प बसल्या होत्या.

दुपारी मावशींनी बोलायला हात वर केला. म्हणाल्या, ‘सातबाऱ्यावर नाव मालकाचं. पर बियाणं कंच्या गाडग्यात हाय, ते त्यास्नी ठावं न्हाई. साखरंचा डबा कुठं हाय, तेबी ठावं न्हाई, तर बियाण्याचं काय घेऊन बसलात!’

‘सातबारा’ला दोन सेकंदांत हिंदी शब्द कुठून आणायचा? मी ‘जमीन के कागज’ म्हणाले आणि पुढे धावले. माझं हिंदी ऐकून पलीकडच्या बूथमधली मैत्रीण ते तेलुगूत सांगत होती.

आधी मराठी बायका हसल्या. मग हिंदी. आणि त्यांचं हसू ओसरतंय तोवर मागच्या रांगांतून तेलुगू हशा आला, सगळ्यात मोठा. मावशी माइक धरून उभ्या होत्या. तिसऱ्यांदा हशा आला तेव्हा त्यांनी दचकून मागे पाहिलं, मग बूथच्या काचेकडे पाहिलं, आणि पदर सारखा करता करता स्वतःच हसायला लागल्या. पेटी मात्र बाहेरच ठेवली होती.

तेव्हापासून पेट्या वाटायच्या टेबलाशी मी स्वतः जाऊन उभी राहते.