हप्ते थकलेलें घर

'घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून' ही म्हण आपल्याकडे कोणास ठाऊक नाहीं? ज्या काळीं ती रूढ झाली त्या काळीं घर बांधणाराची दमछाक वास्तुशांतीबरोबर संपत असावी. आज बहुतेकांचें घर कर्जावर उभें राहतें, आणि खरी कसोटी वास्तुशांतीनंतर पंधरा-वीस वर्षें चालते. एवढ्या वर्षांत कोणाची नोकरी सुटते, कोणाच्या घरीं दीर्घ आजार शिरतो, कोणाचा धंदा बसतो. आणि महिन्याचा हप्ता थकूं लागतो. अशा वेळीं गृहस्थानें काय करावें, आणि घर हातचें गेलेंच तर पुन्हां कसें सांवरावें, याविषयीं आज मी चार शब्द बोलणार आहें.

कर्ज थकलें कीं माणसास प्रथम लाज वाटते. बँकेचें पाकीट तो फोडीत नाहीं, फोन उचलीत नाहीं, घरांतल्या माणसांनाहि कांहीं कळूं देत नाहीं. अब्रू झांकण्यासाठीं चाललेल्या या लपंडावांत जे दोन-चार महिने निघून जातात तेच सर्वांत मोलाचे असतात. कारण ऋणकोस कायद्यानें दिलेला जवळजवळ प्रत्येक हक्क मुदतीनें बांधलेला आहे. मुदत टळली कीं तो हक्कहि गेला. म्हणून या मुदती कोणत्या, आणि प्रत्येक मुदतींत करावें काय, हें आपण क्रमानें पाहूं.

मुदतीची आणि हिशेबाची ही गोष्ट आपल्या मुलुखास नवी नाहीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकरी सावकारांवर चालून गेले, ते मुख्यतः गहाणखतें आणि कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यासाठीं. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. केवळ कागदावरील सहीवर न विसंबतां कर्जाचा मुळापासून हिशेब पाहावा, आणि तें हप्त्यांनीं फेडण्याची सवलत द्यावी, असा अधिकार त्या कायद्यानें कोर्टांस मिळाला. तो कायदा आज राहिला नाहीं. परंतु हिशेब मागणें आणि अवधि मागणें हींच आजच्याहि ऋणकोचीं दोन मुख्य साधनें आहेत.

आजचा मुख्य कायदा २००२ सालचा असून तो 'सरफेसी' या आद्याक्षरी नांवानें ओळखला जातो. त्यामुळें बँकेस दिवाणी कोर्टांत दावा न लावतां गहाण घराचा ताबा घेऊन तें विकतां येतें. सहकारी बँकांसहि हा कायदा लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं दिला. शेतजमिनीवर मात्र तो चालत नाहीं. पतसंस्थेचें कर्ज असेल तर वाट निराळी आहे. तेथें महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६०, याच्या कलम १०१ खालीं निबंधकाकडून वसुलीचा दाखला घेतला जातो. म्हणून आपलें कर्ज कोणत्या संस्थेचें आहे, हें प्रथम पाहावें. पुढील विवेचन बँकेच्या कर्जाविषयीं आहे.

हप्ता थकून ९० दिवस उलटले कीं बँक तें कर्ज 'अनुत्पादक' ठरविते. हे ९० दिवस म्हणजे पहिली आणि सर्वांत सोयीची मुदत होय. या काळांत स्वतः होऊन बँकेंत जावें. अडचण लेखी कळवावी, नोकरी गेल्याचें पत्र किंवा दवाखान्याचीं बिलें जोडावीं, आणि अर्जाच्या प्रतीवर पोंच घ्यावी. मागणी नेमकी असावी: कर्जाची मुदत वाढवून हप्ता उतरवावा, किंवा कांहीं महिने केवळ व्याज घ्यावें. हें मान्य करण्याची बँकेवर सक्ती नाहीं. तथापि बुडत्या कर्जापेक्षां चालतें कर्ज तिलाहि हवें असतें.

या सवलतीची किंमतहि समजून घ्यावी. समजा, २० लाख रुपये बाकी आहेत, व्याज दरसाल ९ टक्के आहे आणि १२ वर्षें उरलीं आहेत. हप्ता सुमारें २२,७६० रुपये होतो. मुदत २० वर्षें करून घेतली तर तोच सुमारें १८,००० रुपयांवर येतो. महिन्यास पावणेपांच हजारांची ही सवड संसार तारूं शकते. पण एकंदर फेड दहा लाखांहून अधिक वाढते. म्हणून दिवस पालटतांच हप्ता पुन्हां वाढवून घ्यावा. तसेंच खातेउतारा मागवून तपासावा. थकबाकीबद्दल लावलेला दंड मुद्दलांत मिळवून त्यावर व्याज आकारूं नये, अशी आज्ञा रिझर्व्ह बँकेनें २०२३ सालीं काढली आहे.

आणखी दोन सूचना. घरचा कमावता माणूस वारला असेल, तर कर्जाबरोबर विमा उतरविला होता कीं काय हें कागदपत्रांत शोधावें. पुष्कळदां तो असतो आणि घरच्यांस त्याचा पत्ताहि नसतो. आणि बँकेचा हप्ता भागविण्यासाठीं खासगी सावकाराच्या दारीं जाऊं नये. परवान्यावांचून सावकारी करणें हा महाराष्ट्रांत २०१४ च्या कायद्यान्वयें गुन्हा आहे. परंतु तो गुन्हा सिद्ध होईपर्यंत त्याचें व्याज थांबत नाहीं.

कर्ज अनुत्पादक ठरल्यावर कलम १३(२) ची नोटीस येते. तींत ६० दिवसांत संपूर्ण कर्ज फेडण्याची मागणी असते, केवळ थकलेल्या हप्त्यांची नव्हे. ती वाचून घाबरूं नये, आणि न स्वीकारतां परतहि धाडूं नये. भरलेली रक्कम वजा झाली नसेल किंवा हिशेबांत अन्य चूक असेल, तर लेखी हरकत घ्यावी. बँकेनें १५ दिवसांत कारणांसह उत्तर दिलें पाहिजे. सर्व थकबाकी भरून खातें पूर्ववत् करून देण्याची विनंतिहि याच वेळीं करावी.

उत्पन्न पुन्हां सुरू होण्याची आशा नसेल, तर घर स्वतः विकणें हा शहाणपणाचा मार्ग होय. बँकेच्या लिलांवांत गिऱ्हाईक स्वस्ताईच्या आशेनें येतें. पहिल्या खेपेस बोली न आल्यास पुढील खेपेस किंमत उतरविली जाते. ताब्याचा आणि जाहिरातीचा खर्चहि ऋणकोच्याच माथीं बसतो. समजा, घराची बाजारांतील किंमत ४० लाख आणि कर्ज २८ लाख आहे. स्वतः ३८ लाखांस विकलें तरी १० लाख हातीं उरतात. तेंच लिलांवांत ३० लाखांस गेलें, तर खर्च वजा जातां फारसें कांहीं राहत नाहीं. मात्र १३(२) ची नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीवांचून घर विकतां किंवा भाड्यानें देतां येत नाहीं. म्हणून बँकेकडून बाकीचें पत्र आणि संमति घ्यावी, आणि गिऱ्हाइकाचे पैसे परस्पर कर्जखात्यांत भरून कागद सोडवावे. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रें परत करणें बँकांवर बंधनकारक आहे. त्यांच्या दोषानें विलंब झाल्यास दिवसास ५,००० रुपये भरपाई मिळते.

कधीं कधीं बँक कांहीं रक्कम सोडून एकरकमी तडजोडीस तयार होते. अशी तडजोड लेखी हातीं पडल्यावांचून एक रुपयाहि भरूं नये. आणि पतनोंदींत ती 'तडजोडीनें मिटलें' अशा शेऱ्यानें दिसत राहते, हें जाणूनच ती करावी.

६० दिवस सरल्यावर बँक ताब्याची नोटीस दारावर लावते आणि दोन वर्तमानपत्रांत छापते. हा कागदोपत्रीं ताबा झाला. प्रत्यक्ष ताब्यासाठीं ती जिल्हादंडाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करते. या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. महाराष्ट्रांत मुंबई, पुणें, नागपूर आणि छत्रपति संभाजीनगर येथें अशीं न्यायाधिकरणें आहेत. कारवाई नियमाप्रमाणें झाली कीं नाहीं, हें तीं मुख्यतः पाहतात. दिवाणी कोर्टास या कामीं अधिकार नाहीं. तेथें धांव घेऊन दिवस दवडूं नयेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. स्त्रिया आणि अनुसूचित जातिजमातींतील लोक यांस उत्पन्नाची अट न लावतां तेथें मोफत साहाय्य मिळतें.

या दिवसांत वसुलीची माणसें दारीं येतात. सकाळीं ८ च्या आधीं आणि सायंकाळीं ७ नंतर त्यांनीं फोन करूं नये, शिवीगाळ किंवा धमकी तर मुळींच करूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं बजावलें आहे. कर्ज फेडतां न येणें हा स्वतः गुन्हा नव्हे. परंतु हप्त्यासाठीं दिलेला चेक खात्यांत पैसे नसल्यामुळें परत गेला तर त्याचा खटला होऊं शकतो. म्हणून असे चेक बँकेंत पडून असतील तर त्यांकडे दुर्लक्ष करूं नये.

शेवटची मुदत लिलांवाची. विक्रीपूर्वीं ऋणकोस ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. एके काळीं विक्री पुरी होईपर्यंत सर्व रक्कम भरून घर सोडवितां येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलांवाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं स्पष्ट केलें. लिलांवाच्या दिवशीं पैसे घेऊन जाऊं, असा भरंवसा धरणारांनीं हें विशेष ध्यानीं घ्यावें.

इतकें करूनहि घर गेलें तर? प्रथम विक्रीचा लेखी हिशेब मागावा. कर्ज आणि खर्च भागून उरलेली रक्कम ऋणकोची आहे; ती न मागतां सोडूं नये. उलट तूट राहिली तर बँक ती न्यायाधिकरणामार्फत वसूल करूं शकते, आणि जामीनदारहि सुटत नाहीं. मात्र भविष्य निर्वाह निधीवर जप्ती येत नाहीं, आणि पगाराचाहि एक भागच जप्त होऊं शकतो. म्हणून तुटीचीहि हप्त्यांनीं फेड ठरवून घ्यावी.

मग पत पुन्हां उभी करण्याचें काम येतें. पतनोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या भारतांत आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षांतून एकदां आपली संपूर्ण नोंद मोफत मिळते. फिटलेलें कर्ज तेथें थकलेलें दिसत असेल तर तक्रार करावी. ३० दिवसांत तिचा निकाल न लागल्यास दिवसास १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. विजेचें बिल, भाडें, लहानसें कर्ज असल्यास त्याचा हप्ता, सर्व वेळच्या वेळीं भरावें. दुसऱ्या कोणास जामीन राहूं नये. भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करणें यांत कमीपणा नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांचे वाडवडील तसेच वाढले. सहा महिन्यांचा घरखर्च गांठीस बांधल्यावांचून नव्या घराच्या गोष्टी काढूं नयेत, आणि हप्ता मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शाबाहेर जाऊं देऊं नये.

श्रोतेहो, हें भाषण ऐकणाऱ्यांपैकीं कोणाच्या कपाटांत बँकेचें न फोडलेलें पाकीट असेल, तर तें आज रात्रींच घरांतल्या माणसांसमक्ष फोडावें. आंतील पत्र कोणत्या कलमाचें आहे आणि त्यावर तारीख कोणती आहे, एवढें आधीं पाहावें. त्या तारखेपासून किती दिवस उरले आहेत हें मोजावें, आणि उद्यां सकाळीं अर्ज घेऊन बँकेची पायरी चढावी.